‘ऋण सोडणे’ की ‘क्षमा करणे’?

शब्दवेडा: बायबलच्या नव्या करारात येशूने शिकवलेली प्रार्थना दोनदा येते: मत्तय 6:12 मध्ये ‘ऋण्यांस ऋण सोडले आहे’ आणि लूक 11:4 मध्ये पापांची ‘क्षमा’. एकाच प्रार्थनेत दोन शब्द का? ‘ऋण सोडणे’ म्हणजे नुसती जुनी भाषा का?

जुनी वही: नाही, फरक मुळातच आहे. मत्तयाच्या ग्रीकमध्ये ‘ओफेलेमाता’ म्हणजे देणी. लूक ‘हामार्तिया’, पापं, म्हणतो. क्रियापद मात्र दोन्हीकडे ‘आफिएमि’, सोडून देणे. मत्तय 4:20 मध्ये कोळ्यांनी जाळी सोडली, तिथेही हेच. म्हणून ‘सोड’ चपखल. उलट संस्कृत ‘क्षम्’ धातूत सोसणं आहे, पृथ्वीलाही ‘क्षमा’ म्हणतात ते त्यामुळेच. मग ‘क्षमा कर’चा अर्थ ‘मार खात राहा’ असा लावला जातो, आणि उपदेशात सगळा घोळ इथेच होतो. ऋण सोडायचं तर आधी ते मांडावं लागतं: कोणाकडे, कशाचं, किती. ‘जाऊ दे, काही झालंच नाही’ म्हटलं तर सोडायला उरलं काय?

ओसरी: म्हणजे कर्जमाफीच की!

जुनी वही: अगदी. मत्तय 18 मध्ये येशूच्या दाखल्यातला राजा एका दासाचं कर्ज माफ करतो, त्याचा हिशेब करून बघा. 10,000 तालांत, एका तालांताचे 6,000 दिनार, एक दिनार म्हणजे मजुराचा एक रोज. झाले 6 कोटी रोज, सगळे माफ. तोच दास बाहेर येऊन 100 दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो.

ओसरी: आणि दया?

शब्दवेडा: माझ्या मते ‘दया येणे’ आणि ‘दया करणे’ यांत गल्लत नको. येते ती आपोआप, करावी लागते ती ठरवून.

जुनी वही: बरोबर. लूक 10 मधल्या दाखल्यात, वाटेत जखमी पडलेल्या माणसाला पाहून चांगल्या शोमरोन्याला (शोमरोन प्रांतातल्या परक्या माणसाला) आधी कळवळा येतो. ग्रीक शब्द आतड्यावरून आलाय, आपलं ‘आतडं तुटणं’ त्याच्या जवळचं. पुढे तेल, द्राक्षारस, पट्ट्या, स्वतःचं जनावर, उतारशाळेवाल्याला दोन दिनार: ही दया करणं. ‘कीव’ इथे चालणार नाही, तिच्यात वरून पाहणं आहे.

ओसरी: क्षमा केली की पुन्हा घरोबा करायलाच हवा का?

जुनी वही: त्याला शब्दच वेगळा, ‘समेट’. क्षमा एकट्याला करता येते, समेटाला दोघं लागतात. लूक 17:3 मध्येही आधी दोष दाखवायला सांगितलंय.

शब्दवेडा: जाता जाता व्याकरण: क्षमा माणसा*ची* मागतात, माणसा*ला* करतात, अपराधा*ची* करतात. ‘त्याची क्षमा केली’ लिहू नये.