प्रतिसाद: गोल्फचा हँडिकॅप हवा, मेंबरशिप नंतर बघू
अधूनमधून गोल्फ खेळणाऱ्याला क्लबची मेंबरशिप परवडत नाही, हे वरच्या लेखात म्हटलंय ते खरंच. पण 'मग हँडिकॅपही (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) त्याच्या काय कामाचा' हे तिथलं म्हणणं अजिबात पटलं नाही. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत ५४ होल्सचे स्कोअर भरले की हँडिकॅप मिळतो आणि त्याची कमाल मर्यादाही ५४.० आहे. पुढे शेवटच्या २० स्कोअरपैकी सर्वोत्तम ८ धरतात, त्यामुळे एखादा वाईट दिवस फारसा नडत नाही.

खरी अडचण सोबतीची आहे. एकट्याने खेळलेली फेरी हँडिकॅपसाठी धरतच नाहीत! मला क्लबचा उपयोग झाला तो इथेच. फळ्यावर नाव लिहिलं की जोडीला कुणी ना कुणी मिळतं, आणि स्ट्रोकप्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या प्रकारात, हातभर अंतरावरचा पटही (चेंडू होलकडे ढकलायचा हलका फटका) 'राहू दे' म्हणून सोडत नाहीत, चेंडू होलमध्ये घालायलाच लावतात. रोजच्या खेळातला ग्रुप एवढा काटेकोर असेल, तर मेंबरशिपची घाई करू नका.