फायरवॉलमुळेच पीसी गेला? विटी वर्मबद्दल विचारायचंय

अर्धवट_इंजिनीअर: सिक्युरिटीच्या लेक्चरला सरांनी २००४ च्या विटी वर्मचं (वर्म म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) नाव घेतलं आणि लगेच पुढच्या स्लाइडवर. ब्लॅकआइस फायरवॉल ज्यांच्याकडे होतं त्यांनाच लागण झाली म्हणे, काहीच न टाकणारे सुटले. पोर्ट (मशीनचा नेटवर्ककडचा दरवाजा) बंद असताना पॅकेट (नेटवर्कवरून येणारा डेटाचा तुकडा) आत घुसलंच कसं? कोणीतरी नीट सांगा राव

बिनतारी: अरे पॅकेट अडवायचं का सोडायचं हे ठरवायला आधी ते वाचावं लागतं ना, घोळ तिथेच. ब्लॅकआइसमध्ये पॅकेट उलगडून बघणारा पॅम नावाचा भाग होता, सोर्स पोर्ट ४००० वरून यूडीपी पॅकेट आलं की तो त्याला आयसीक्यूच्या सर्व्हरचं उत्तर समजायचा (आयसीक्यू म्हणजे तेव्हाचं चॅट, तुला माहीत नसणार) आणि आतली फील्ड लांबी न तपासता स्टॅकवरच्या (प्रोग्रामच्या कामचलाऊ मेमरीतल्या) ठरावीक साइझच्या बफरमध्ये, म्हणजे राखीव जागेत, कॉपी करायचा. लांबलचक फील्ड पाठवलं की रिटर्न ॲड्रेस (प्रोग्रामने पुढे कुठे जायचं तो पत्ता) ओव्हरराइट, पुढे वर्मचाच कोड चालू. तुझ्याकडे आयसीक्यू नसलं, एकही पोर्ट उघडं नसलं तरी काही फरक नाही. डेस्टिनेशन पोर्ट तर वर्म रँडमच टाकायचा

जुना_ॲडमिन: आणि यूडीपी म्हणजे हँडशेक नाही, आधी दोन्ही बाजूंनी जोडणी ठरवायची गरज नाही, एका पॅकेटात काम तमाम. ईआय या सिक्युरिटी कंपनीने १८ मार्चला हे भोक जाहीर केलं, पॅचही होता, पण अमेरिकेत शुक्रवारी रात्री वर्म सुटला, ऑफिसं बंद, पॅच टाकतोय कोण! पाऊण तासात साधारण १२,००० मशीन, म्हणजे लागण होण्याजोगी जवळपास सगळीच. त्याआधीच्या स्लॅमर वर्मने नेटवर्क तुंबवलं पण डिस्कला हात लावला नव्हता. हा विटी २०,००० पॅकेट पाठवायचा, मग डिस्कवर कुठेतरी ६४ केबी कचरा लिहायचा, परत पॅकेट, परत कचरा, मशीन मरेपर्यंत. नीच प्रकार

अर्धवट_इंजिनीअर: बापरे. पण थेट डिस्कवर लिहायची परमिशन कुठून आली? आणि मग फायरवॉल काढूनच टाकू का 😅

बिनतारी: फायरवॉलची सर्व्हिसच सिस्टिमच्या हक्काने चालायची, तिच्यात शिरलं की सगळं घर मोकळं. काढू नकोस रे बाबा, अपडेट तेवढं ठेव. आणि प्रोजेक्टमध्ये पार्सर (आलेला डेटा उलगडून वाचणारा कोड) लिहिशील तेव्हा तो कमी हक्काच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालव, पॅकेटमध्ये लिहिलेल्या लांबीवर तर अजिबात विश्वास ठेवू नकोस, बफर केवढा आहे ते बघूनच कॉपी कर

जुना_ॲडमिन: सरांना विचार सुरुवातीलाच शंभरेक मशीन एकदम कशी लागली ते. रँडम स्कॅनिंगने (कुठल्याही पत्त्यांवर पॅकेट पाठवत बसल्याने) तसं होत नाही, आधी लागण होण्याजोग्या मशीनची यादी बनवलेली असणार असं संशोधकांचं म्हणणं होतं