भावाला फादरांच्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचंय, आई घाबरतेय

नमस्कार. मोठा भाऊ, वय ४१, सकाळी उठल्या उठल्या क्वार्टर लागते नाहीतर हात थरथरतात. दोनदा ॲडमिट केला, घरी आला की आठवड्यात परत तेच. एकाने कृपा फाउंडेशनचं नाव सांगितलं, वसईला पण केंद्र आहे म्हणे. आई म्हणते चर्चवाले आहेत, बाटवतील. वहिनी म्हणते काहीही करा पण सुटू दे. कोणी ठेवलंय का कुणाला?

वसईकर: दादा, मी कॅथलिक, दारू सोडून ९ वर्षं झाली. फादर जो परेरांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये कृपा सुरू केली हे खरं, पण काम चालतं ते एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचे एकमेकांना आधार देणारे गट) बारा पायऱ्या आणि योगावर, फादर स्वतः बीकेएस अय्यंगारांचे शिष्य. पायऱ्यांमध्ये देव आहे, पण ज्याला जसा उमगला तसा. माझ्या एए ग्रुपात माळकरी आहेत, नमाज पढणारेही आहेत, कोणाला क्रूस धरायला कोणी सांगत नाही. आईंना एकदा तिथे घेऊन जा आणि जे विचारायचंय ते तोंडावर विचारू द्या.

सिस्टर (नर्स): सकाळी हात थरथरतात म्हणजे घरी एकदम बंद करू नका प्लीज. दोन-तीन दिवसांत फिट येते, भास होतात, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरच्या देखरेखीखाली डिटॉक्स, म्हणजे अंगातली दारू उतरवण्याचे उपचार. केंद्र कोणाचंही असो, डॉक्टर कोण, रात्री ड्युटीवर कोण आणि चालू गोळ्या देणार का हे विचारा. माझ्या मामाला एका प्रार्थना केंद्रात ठेवलं होतं, गोळ्या म्हणजे विश्वास कमी असं सांगून बंद केल्या, तिसऱ्या रात्री फिट आली. मीही ख्रिस्ती आहे, रोज प्रार्थना करते, पण मामाला वाचवलं सलाईन आणि इंजेक्शनने, आणि त्यासाठीही मी देवाचेच आभार मानले.

मंदा: वहिनीला अल-ॲनॉनच्या मीटिंगला पाठवा, घरच्यांसाठी असते, फुकट असते. माझे मिस्टर केंद्रातून परत आले तेव्हा मी रोज त्यांचं तोंड हुंगायचे आणि त्यावरून रोज भांडण, ते थांबवायला मला तिथल्या बायकांनीच शिकवलं. आणि भाऊ स्वतः तयार आहे का? ते तुम्ही लिहिलं नाही.

प्रश्नकर्ता: काल रात्री रडत म्हणाला ने मला कुठेतरी. सिस्टर, आज आधी डॉक्टरकडे नेतोय. आई पण येते म्हणाली.