'दावेदार' म्हणायचं तरी कोणाला?

मोर्शीकर:
आमच्या गावच्या शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, फलक छापायला जातोय. त्यावर सात जोड्यांपुढे 'प्रबळ दावेदार' लिहिलंय. यातल्या दोन जोड्या आजवर पहिल्या फेरीच्या पुढे गेलेल्या नाहीत. माझं म्हणणं, जोडी पटावर उभी राहताच बाकीच्या धुरकऱ्यांच्या (जोडी हाकणाऱ्यांच्या) पोटात गोळा आला पाहिजे, तोच दावेदार. नुसतं नाव नोंदवलं तो स्पर्धक.

पुसदचा वकील:
मला पटत नाही. दावा म्हणजे हक्क सांगणं. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात दिवाणी दावा लावणारा, हरला तरी, दावेदारच. ताकदीचा अर्थ मूळ शब्दात नाही, म्हणून तर पेपरवाल्यांना पुढे 'प्रबळ' लावावं लागतं.

मोर्शीकर:
'कडक ऊन' म्हणतो म्हणून काय नुसतं ऊन थंड असतं? जिल्हा परिषदेच्या तिकिटाला अर्ज दहा जणांचे येतात, तरी पारावर 'यंदा दावेदार दोघंच' असं बोलतात. लोकांनी अर्थ कधीचाच पक्का केलाय.

धुरकऱ्याचा पोरगा:
भाऊ, मले तं हा शब्दच नाही आवडत. आजी म्हणे, 'त्यानं दावा साधला', म्हंजे वैर काढलं. 2014 मंधी सुप्रीम कोर्टानं पट बंद केले, ते 2021 च्या डिसेंबरात मोकळे झाले. मधात आमची जुनी जोडी म्हातारी झाली, पण बाबानं इकली नाही, नवे गोऱ्हे तयार केले. पट सुरू झाल्यावर पहिल्याच खेपेला आमच्या बैलाची वेसण तुटली. बैल बिथरला. समोरच्या गावचा धुरकरी आपली जोडी सोडून आला, बैलाच्या मानेवर हात ठेवला, अन् आपल्या जवळची वेसण ओवून देली. मंग त्यानंच आमाले हरवलं. त्याले दावेदार कसं म्हणू? तो आमच्या तोडीचा. कुस्तीत पंच जोड लावते ना, तसा.

पुसदचा वकील:
शब्द गोड आहे. पण 'तोडीचा' म्हटलं की कोणाच्या, ते सांगावं लागतं. दावेदार एकट्यानं उभा राहतो. फलकाला तोच लागेल.

मोर्शीकर:
हे मान्य. मग 'प्रबळ' खोडतो आणि दावेदार पाचच ठेवतो. त्या दोन जोड्यांच्या मालकांशी मी आज रात्रीच बोलतो.