घरी 7 कुत्री, ठेवायची 2 : बाकीची कशी द्यावीत आणि ट्रेनिंगचं काम कसं सुरू करावं?

वावरवाला (वणी तालुका)
लॅब्राडॉर नर 4 वर्षांचा, गावठी मादी 3 वर्षांची आणि त्यांची 9 महिन्यांची 5 पिल्लं (3 माद्या, 2 नर). रेबीजची लस सगळ्यांना दिली आहे, नसबंदी एकाचीही नाही. चावरं कोणी नाही, पण दोन लहान माद्या ताटावर भांडतात. लॅब आणि एक नर पिल्लू ठेवून बाकी 5 चांगल्या घरी द्यायची आहेत. पुढे वणी-मारेगाव-वरोरा पट्ट्यात घरोघरी जाऊन कुत्री शिकवायचं काम करायचं आहे. सुरुवात कुठून करू? फी कशी ठरवू?

हिंगणघाटकर
भाऊ, सुरुवात नर-माद्या वेगळ्या करण्यापासून, तेही आजच. 9 महिन्यांची मादी कधीही माजावर येते, आणि बाप-भाऊ असलं काही कुत्र्यांत नसतं. गाभण राहिली की 63 दिवसांत आणखी पिल्लं, मग 7 ची 12 व्हायला वेळ लागत नाही.

नसबंदी करूनच कुत्रं द्या. "घेणारा करून घेईल" हे बहुतेक वेळा होत नाही. ऑपरेशनआधी रक्त तपासून प्लेटलेट नक्की बघा. आपल्याकडे गोचिडं भरपूर, गोचीड तापात प्लेटलेट उतरतात आणि टेबलावर रक्त थांबत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात सोय नसेल तर नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय किंवा अकोल्याची पदव्युत्तर संस्था आहे. टाके निघेपर्यंत, म्हणजे 10-12 दिवस, कोठ्यात बांधू नका. शेणावरच्या माश्या जखमेवर बसतात आणि अळ्या पडतात. नराची नसबंदी झाली तरी पुढचे 6 आठवडे त्याला माद्यांपासून लांबच ठेवा, कारण तोवर पिल्लं होऊ शकतात.

एक सुचवतो. पिल्लू ठेवून आई देण्यापेक्षा उलट करा. 3 वर्षांच्या गावठी मादीला घर मिळणं सगळ्यांत कठीण असतं.

धुऱ्यावरून
5 कुत्री एकदम वाटू नका. एकेक घ्या, 3 आठवडे शिकवा, मग द्या. तुमच्या धंद्याची पहिली 5 कामं हीच आहेत. घेणारं घर कुत्र्याला नीट सांभाळायला लागलं, तरच तुमचं शिकवणं जमलं असं समजा.

चार गोष्टी पक्क्या करा: पट्टा न ओढता चालणं, हाकेला येणं, ताट खाली ठेवेपर्यंत बसून राहणं, आणि कान-पंजे-तोंड तपासू देणं. खाऊ म्हणून उकडलेली कलेजी, तुरीच्या दाण्याएवढे तुकडे, एका वेळी 20. तुकडे संपले की शिकवणी संपली, 4 मिनिटांच्या वर जायचं नाही. दिवसातून दोनदा. हाक बिघडते ती एकाच कारणाने: माणूस कुत्र्याला बोलावतो आणि लगेच साखळीला बांधतो. चार वेळा असं झालं की कुत्रं हाक ऐकून दुसरीकडे तोंड फिरवतं. म्हणून 10 हाका मारल्या तर 9 वेळा खाऊ देऊन परत मोकळं सोडायचं. भांडणाऱ्या दोघी एका घरी कधीच देऊ नका, आणि तोवर त्यांची ताटं भिंतीआड.

घर बघायला स्वतः जा. रात्री कुठे झोपेल ते विचारा. वरोरा-भद्रावतीकडे वावरात साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याचं आयतं जेवण. रात्री दार लागणारी खोली हवीच. डुकरासाठी तारेत थेट करंट सोडणारं वावर असेल तर देऊ नका. फवारणीचे डबे आणि थिमेटसारखं विषारी कीटकनाशक कुठे ठेवतात तेही बघा.

देताना त्याच्या गोधडीचा तुकडा आणि 10 दिवसांचं रोजचंच खाणं सोबत द्या. जागा आणि खाणं एकदम बदललं की हगवण लागते. पहिले 10 दिवस मोकळं सोडू नका, जुन्या घराकडे निघालेलं कुत्रं रस्त्यात मरतं. "जमलं नाही तर परत देईन" हे लिहून घ्या. उपाशी मरेल असं कुत्रं सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. तिसऱ्या दिवशी फोन, पंधराव्या दिवशी भेट.

इरई काठ
फी फेरीवर लावा, "कुत्रं शिकवून देतो" असा ठेका घेऊ नका. आठवड्याला 1 फेरी, 45 मिनिटं, अशा 6. त्यातली निम्मी मिनिटं पट्टा घरच्या माणसाच्या हातात हवा, नाहीतर कुत्रं तुमचं ऐकेल, त्यांचं नाही. वणी-वरोरा जाण्या-येण्यातच बराच वेळ जातो, म्हणून एका दिशेची सगळी घरं एकाच वाराला ठेवा. पेट्रोल आणि प्रवासाचा वेळ धरून दर काढा, 2 फेऱ्यांचे पैसे आधी घ्या. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) ऑनलाइन फुकट होते. पिल्लं विकायच्या भानगडीत पडू नका, 2017 च्या नियमांनुसार ब्रीडरला (कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याला) राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते.

चावरं कुत्रं पहिलं वर्षभर घेऊ नका. अचानक चावायला लागलेलं कुत्रं आधी डॉक्टरकडे पाठवा, पुष्कळदा कान दुखत असतो. स्वतःला रेबीजची आगाऊ लस घ्या: 0, 7 आणि 21 किंवा 28 वा दिवस. तरीही चावलं तर 15 मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं आणि पुन्हा 2 डोस, 0 आणि 3 ऱ्या दिवशी.

उन्हाळ्यात काम सकाळी साडेपाच ते साडेसात. तळहाताची पालथी बाजू डांबरावर 7 सेकंद टेकवता आली नाही तर पंजेही भाजतात.

वावरवाला
एका लहान मादीला कालपासून रक्ताचे थेंब पडत आहेत. आता?

हिंगणघाटकर
कालची तारीख भिंतीवर लिहा, तिथून 28 दिवस. सुरुवातीचे 8-9 दिवस ती नराला जवळ येऊ देत नाही, त्यामुळे लोक निर्धास्त होतात आणि नेमकं त्यानंतर फसतात. नुसता नर बांधून भागत नाही, मादी त्याच्याकडे जाते. कडी लागणाऱ्या खोलीत ठेवा, बाहेर नेताना पट्टा हातातच. ऑपरेशन माज संपल्यावर 2 महिन्यांनी, आत्ता केलं तर रक्त जास्त जातं. घर आत्तापासून शोधा, पण ती देताना सगळ्यांत शेवटी.