ग्लायकोलिक लावून त्वचा खरंच पातळ होते का?

मुलुंडची_पोर:
कपाळावर बारीक बारीक पुरळ आहे आणि नाक कायम तेलकट, दुपारी ऑफिसात पोचेपर्यंत तर तोंड नुसतं चकाकतं. ७ टक्केवालं ग्लायकोलिक ॲसिडचं टोनर घ्यायचं चाललंय, पण सासूबाई म्हणतात ॲसिडने कातडी पातळ होईल, त्यापेक्षा गप बेसन लाव. कोणाला नीट माहितीये का?

लॅबकोट:
नाही होत गं. सगळ्यात वर मेलेल्या पेशींचा थर असतो, त्या पेशी एकमेकींना धरून असतात, ती पकड ॲसिडने सैल होते आणि त्या लवकर गळतात, म्हणून चेहरा तुकतुकीत दिसतो. उलट बरेच महिने नीट वापरलं तर खालची जिवंत त्वचा थोडी जाडच होते असं अभ्यासात दिसलंय. पण रोज थापलंस तर वरचा थर सावरायच्या आत परत सोलला जातो, मग साधं मॉइश्चरायझर पण झोंबतं आणि लोकांना वाटतं कातडी पातळ झाली. आणि नुसता टक्का बघू नकोस, पीएच पण बघ, म्हणजे आम्लपणाचा आकडा, तो जितका कमी तितकं ॲसिड जहाल. अमेरिकेत घरच्या वापरासाठी १० टक्क्यांच्या वर नको आणि पीएच ३.५ च्या खाली नको अशी शिफारस आहे.

तेलकट_त्वचा_क्लब:
पण हिला ग्लायकोलिक हवंच कशाला?? ते पाण्यात विरघळणारं, वरवरचं काम करतं. पुरळ आणि तेल असेल तर सॅलिसिलिक ॲसिड बघ, ते तेलात विरघळतं म्हणून छिद्रात उतरून आतला मळ मोकळा करतं. २ टक्के पुरे, आठवड्यातून दोनदा रात्री. त्वचा फारच नाजूक असेल तर मँडेलिक ॲसिड, त्याचा रेणू मोठा, हळूहळू आत जातो.

दादर_वेस्ट:
सनस्क्रीन कोणीच बोललं नाही अजून, कमाल आहे. ग्लायकोलिकने उन्हाचा त्रास वाढतो आणि बंद केल्यावरही आठवडाभर राहतो. आपल्या सावळ्या कातडीवर जरा जळजळ झाली की काळे डागच पडतात, ते जायला महिने लागतात. ऑक्टोबरात प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं असेल तर एसपीएफ ३० तरी हवंच, आणि घामाने धुतलं जातं ते परत लावायचं. बेसनाने घासणं पण ॲसिड लावशील त्या दिवशी नको, सासूबाईंना सांग एका वेळी एकच काय ते.

मुलुंडची_पोर:
ओके मग सॅलिसिलिकच घेते. एक राहिलं, दर महिन्याला पार्लरमध्ये अप्पर लिपचं वॅक्स करते, तेव्हा?

लॅबकोट:
आधी आठवडाभर तिथे ॲसिड नको, नाहीतर वॅक्सबरोबर कातडीपण निघते. नंतर लाली पूर्ण गेल्याशिवाय सुरू करू नकोस. आणि पार्लरवालीला आधीच सांगून ठेव, त्या स्वतःहून विचारत नाहीत.