पिल्लाचा चिकटलेला डोळा, आणि आपली मुले: वाट पाहायची की नाही?

अंत्रुजकर (फोंडा)
आमच्या लाकडांच्या खोपीत मांजरी व्याली. आठ-दहा दिवसांत पिल्लांचे डोळे उघडले, पण एकाचा डावा पुवाने चिकटलेलाच. घरात एकच पालुपद, ‘उघडेल आपसूक.’ मी ऐकले नाही, गुरांच्या डॉक्टरकडे नेले. कारण ह्यूबेल आणि वीझल, मेंदू आणि नजर यांचा अभ्यास करणारे दोन शास्त्रज्ञ. 1960च्या दशकात त्यांनी पिल्लांच्या एका डोळ्याची पापणी शिवली आणि काही आठवड्यांनी सोडली. डोळा ठणठणीत, पण मेंदूच्या दृष्टीभागातल्या बहुतेक पेशी उघड्या डोळ्याकडे गेलेल्या. मोठ्या मांजरात तेच केले तर काहीच बिघडले नाही.

म्हणून माझे ठाम मत: मुलांचे डोळे तिसऱ्या वर्षी तपासा. दुसरीतल्या बाई ‘याला फळा दिसत नाही’ म्हणेपर्यंत थांबू नका. एकच डोळा कमजोर असलेले मूल तक्रारही करत नाही, दुसरा काम निभावतो ना!

डिचोलीकर
अंत्रुजबाब, मांजराचे गणित माणसाला लावू नका. मांजराचा नजर घडण्याचा नाजूक काळ चौथ्या आठवड्याच्या आसपास ऐन भरात असतो, तीनेक महिन्यांत ओसरतो. माणसाला वर्षे मिळतात. आणि आमच्या गोठ्यातले वासरू पहिल्याच दिवशी डोळे उघडे ठेवून आईमागे धडपडते, त्याला कोणी शिकवले? मुक्या जिवांचे डोळे शिवून 1981चे नोबेल घेतले, त्याचे कौतुक मला तरी होत नाही.

अंत्रुजकर
माकडही डोळे उघडेच घेऊन जन्मते. त्याचा एक डोळा बंद ठेवला तरी हेच घडले. गंमत म्हणजे दोन्ही डोळे मिटले तर नुकसान त्या मानाने कमी. भावाभावांच्या भाटासारखे (बागायतीसारखे) आहे हे: एक मुंबईला गेला की दुसऱ्याची वई, म्हणजे कुंपण, सरकत जाते, दोघेही गेले तर वई जागच्या जागी.
शिवण्याबद्दल तुमचे बरोबर आहे. मलाही ते वाचवत नाही.

माशेलची बाय
वईचे आवडले, पण आईबापांना घाबरवू नका हो. माझ्या मुलीचा ‘आळशी डोळा’ पाचव्या वर्षी कळला. चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज 2 तास पट्टी. पट्टी कुठे कुठे सापडायची विचारू नका, एकदा तर तुळशीवृंदावनात! पण फरक पडला.
अमेरिकेतल्या एमआयटीच्या पवन सिन्हांचा ‘प्रकाश’ प्रकल्प पाहा. आपल्याच देशातली जन्मांध मुले, शस्त्रक्रिया वयाच्या आठ वर्षांनंतर. हाताने चाचपलेली वस्तू आधी नजरेला ओळखू येईना. काही दिवसांतच येऊ लागली. म्हणजे दार बंद झालेले नव्हते.

अंत्रुजकर
बंद नाही, पण अर्धे लोटलेले. त्या मुलांच्या नजरेची धार पूर्ण आली नाही, हेही सांगा.

डिचोलीकर
मग अंगणवाडीत तपासणार कोण? बाईंना खिचडी, वजन, वह्या आहेतच.

माशेलची बाय
सुरुवात घरीच करता येते. खेळताखेळता एक डोळा तळव्याने झाका, मग दुसरा. एकाच बाजूला मूल हात झटकू लागले, चिडले, तर डॉक्टर गाठा. आमच्या लक्षात आले ते असेच. मात्र एवढ्यावर भागत नाही, काही मुले झटकतच नाहीत.

डिचोलीकर
बरे, तिसऱ्या वर्षी तपासणी मान्य. टाके अमान्यच. आणि ते पिल्लू?

अंत्रुजकर
थेंब चालू आहेत. डोळा उघडलाय, अजून निळाच. काल त्याच बाजूने येऊन माझ्या ताटातल्या बांगड्यावर झडप घातली.